टचस्क्रीनवर चिकटवलेला कागद : ग्रंथालय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ग्रंथालय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालय 'वाचककेंद्री' करू आणि संध्याकाळी आठपर्यंत उघडं ठेवू, असं आपण जाहीर केलं होतं. टाळ्या पडल्या. त्यात आम्हा सभासदांच्याही होत्या. या सोमवारी सूचना लागली : 'अपुऱ्या मनुष्यबळामुळे ग्रंथालय साडेपाचला बंद होईल.' ती कुठे लावली होती, हे आपल्या कानावर कुणी घालणार नाही म्हणून लिहितो. त्याच योजनेतून आलेल्या, पुस्तक शोधायच्या टचस्क्रीनवर, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून. निरुपयोगी यंत्र निदान फळा म्हणून तरी कामी आलं.

ते यंत्र निरुपयोगी का ठरलं, तेही सांगतो. त्यात बिघाड नाही, त्याच्या पोटात अन्न नाही. ग्रंथालयाच्या जुन्या नोंदी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या वाचता येणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. त्या रूपांतर न करता तशाच नव्या यादीत ओतल्या. वाचक 'मधुमेह' टाइप करतो, यादीत त्या जागी चिन्हांचा कचरा असतो, पडदा म्हणतो 'पुस्तक सापडले नाही'. पुस्तक मात्र दहा पावलांवर उभं असतं. आता कृपा करून नवं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. कोहा नावाची मुक्त स्रोत (कुणालाही फुकट वापरता येणारी) प्रणाली २००० सालापासून ग्रंथालयांत चालते आहे, तिला परवाना शुल्क नाही. लागतो तो फक्त नोंदी दुरुस्त करायला बसणारा माणूस. आणि माणूस म्हटलं की आपल्या खात्याला ठसका लागतो.

यादी सुधारली तरी पुस्तक जागेवर हवं. पुस्तकं विषयवार आकडे देऊन लावायच्या ड्युई पद्धतीत मधुमेहाचा वर्गांक ६१६.४६२ आणि त्वचारोगांचा ६१६.५. रोजंदारीवरच्या नव्या मदतनिसाला कुणी काही शिकवलेलं नसतं. तो बिचारा टिंबानंतरचा आकडा पूर्णांकासारखा वाचतो. ४६२ हा ५ पेक्षा मोठा, म्हणून मधुमेह त्वचारोगांच्या नंतर. चूक. दशांशात .४६२ आधी आणि .५ नंतर. मुक्तद्वार ग्रंथालयात, म्हणजे जिथे वाचक स्वतः कपाटातून पुस्तक काढतो तिथे, चुकीच्या फडताळावर गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं, आणि वर्षअखेरीला ते गहाळ यादीत जातं. उपाय अर्ध्या तासाच्या शिकवणीचा आहे. त्याला जोडून रोज उघडण्याआधी वीस मिनिटं एका कपाटाचे क्रमांक ओळीने वाचायचे. कपाटात दीडशे पुस्तकं धरली तर दहा हजारांचं ग्रंथालय अडीच-तीन महिन्यांत पूर्ण वाचून होतं. हिशोब ढोबळ आहे, पण उद्घाटनाच्या भाषणात दिलेल्या हिशोबाइतका ढोबळ नाही.

भाषणात आपण 'भेटींचा' आकडा दिला होता. तो दारावरच्या मोजणी यंत्राचा. दारातला प्रकाशाचा किरण माणसाने तुटला की ते यंत्र एक धरतं, आत जाताना एक, बाहेर येताना एक. दोनाने भागलं होतं का? कर्मचाऱ्यांच्या फेऱ्या वगळल्या होत्या का? दाराशी पकडापकडी खेळणाऱ्या दोन मुलांनी दहा मिनिटांत केवढं वाचन वाढवलं असेल, कल्पना करा.

मोजायचंच असेल तर रिकाम्या हातांनी परत गेलेले मोजा. देवघेव काउंटरवर एक साधी वही ठेवा. रकाने चारच : तारीख, काय मागितलं, मिळालं का, नसेल तर का. शेवटच्या रकान्यात चारांपैकी एक कारण लिहायचं : संग्रहात नाही, दुसऱ्याकडे आहे, बांधणीला गेलंय, जागेवर नाही. तीन महिन्यांनी बेरीज करा. 'संग्रहात नाही' जास्त आलं तर खरेदी समिती चुकते आहे. 'दुसऱ्याकडे' जास्त आलं तर प्रती वाढवा. 'जागेवर नाही' जास्त आलं तर वरचा ड्युईचा परिच्छेद पुन्हा वाचा. सल्लागार नेमून छापलेल्या अभिप्राय पत्रिकांपेक्षा ही वही खरं बोलेल. त्या पत्रिका आत बसलेल्यांनाच वाटल्या होत्या. जो येणंच सोडून गेला, त्याला विचारायला बसथांब्यावर जावं लागतं.

नूतनीकरणाबद्दल फार बोलत नाही. फक्त एवढंच की कपाटं हलवली, दिवे हलवले नाहीत. पूर्वी दिव्यांची रांग दोन कपाटांमधल्या वाटेवर होती, आता कपाटांच्या डोक्यावर आहे. सगळ्यात वरची धूळ लख्ख दिसते आणि तळाच्या खणातली नावं मोबाइलच्या उजेडात वाचावी लागतात. युरोपीय मानकात कपाटांसाठी २०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि वाचनाच्या जागेसाठी ५०० लक्स उजेड सांगितला आहे. लक्समीटर घेऊन कुणी तळाच्या खणापर्यंत वाकलं का? वाटाही अरुंद झाल्या. चाकाच्या खुर्चीला किमान ९० सेंटिमीटर लागतात. सेल्फी पॉइंटला मात्र ऐसपैस जागा मिळाली.

आणि 'लोकसहभाग'! कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता व्याख्यान, समोर सक्तीने बसवलेले कर्मचारी, फोटो, अहवाल. लहान मुलांसाठी गोष्टींचा तास ठेवलात तर तो तासभर नको, वीस-पंचवीस मिनिटांचा ठेवा. गोष्ट संपली की त्याच विषयाची पुस्तकं बाजूच्या टेबलावर दर्शनी भाग समोर करून मांडलेली हवीत, आणि पुस्तक नोंदवून द्यायला तिथेच माणूस हवा. नाहीतर कार्यक्रम होतो, पुस्तक एकही घरी जात नाही. वाचकांची समिती नेमा, पण तिच्या हाती खरेदीच्या रकमेतला ठरावीक वाटा द्या. नुसत्या सूचना करायला पेटी आहेच. तिची किल्ली हरवली आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयासाठी पाच सूत्रं मांडली. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे त्यातलं पहिलं. ते समजावताना त्यांनी ग्रंथालयाच्या वेळेचाही विचार केला होता. आपण दहा ते साडेपाच उघडता, आठवड्याला ४५ तास. नोकरी करणाऱ्याला त्यातले किती मिळतात? शनिवारी सुट्टी असेल त्याला साडेसात. नसेल त्याला शून्य. मंगळवार आणि गुरुवार साडेबारा ते आठ ठेवा. तास तेवढेच, पगार तेवढाच, फक्त बंद करताना दोघंजण असू द्या. यासाठी मनुष्यबळ लागत नाही, एक सही लागते.

पण ती होणार नाही. कारण आपल्या सगळ्या व्यवस्थेला वस्तू घेता येते, ती चालवता येत नाही. भांडवली खर्चाला निविदा असते, ठेकेदार असतो, फीत असते. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि पगाराची फीत कापता येत नाही. दवाखान्यात यंत्र आहे, चालवणारा नाही. शाळेत प्रयोगशाळा आहे, तिला कुलूप आहे. ग्रंथालय त्याच रांगेत उभं आहे.

उत्तर द्यावंसं वाटलं तर ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवा. साडेपाचच्या आत पोचेल असं बघा, नंतर टपाल घ्यायला तिथे कुणी नसतं.

आपला,
एक सभासद