'भरपूर पाणी प्या' हे अर्धंच सांगताय साहेब

संपादक साहेब,

नमस्कार. गेल्या रविवारी तुमच्या पेपरात पळणाऱ्यांसाठी जो आरोग्याचा लेख आला त्यात एक वाक्य होतं, तहान लागायची वाट बघू नका, जमेल तेवढं पाणी पीत राहा. ते वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला, कारण गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी अगदी हेच केलं होतं आणि मसाई पठारावर आडवा झालो होतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला आहे, वय 44. पळायची सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली, आधी रंकाळ्याला फेऱ्या, मग विद्यापीठातला चढ, मग दोस्तांनी नादाला लावलं आणि डिसेंबरात पुण्याकडं सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरातली एसआरटी अल्ट्रा, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत असतीय तिच्या 50 किलोमीटरच्या गटात नाव घातलं. रस्त्यावर 21 किलोमीटर निवांत पळणारा मी, म्हटलं डबलपेक्षा थोडं जास्त, होऊन जाईल. ते किती खुळं गणित होतं हे जोतिबाच्या उतारानं पहिल्याच शनिवारी दाखवलं. चढाला सगळेच चालतात, त्यात लाज नाही, पण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताण खात खात ब्रेक मारत असतात आणि त्याची वसुली दुसऱ्या दिवशी, कधी कधी तिसऱ्या दिवशी होते, संडासला बसायचं म्हणजे भिंत धरून. त्यावर औषध एकच, परत उतरायचं. म्हणून दर शनिवारी केर्लीकडनं जोतिबा, गिरोलीवरनं पन्हाळा, आणि रविवारी त्याच दमल्या पायांनी आणखी दोन-तीन तास.

त्या दिवशी पन्हाळ्याच्या पुसाटी बुरजाकडनं खाली उतरून म्हाळुंग्यावरनं मसाई पठार आणि परत असा बेत होता. आधल्या रात्री सेकंड शिफ्ट, झोप चार तास, गुडघा कुरकुरत होता म्हणून निघताना एक पेनकिलर टाकली. पाठीवर दोन लिटरची पाण्याची पिशवी, हातात बाटली, आणि घड्याळात दर दहा मिनिटांचा गजर. गजर वाजला की नळीतनं चार घोट, तहान असो नसो. वाटेत दोनदा पिशवी भरून घेतली. पठारावर पोचलो तेव्हा ऊन तापलेलं, तिथं सगळा जांभा, सावलीला झाड नाही. डोकं जड झालं, मळमळायला लागलं. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी प्यायलो. दोस्तानं त्याचीपण बाटली दिली, तीबी प्यायलो.

बोटांकडं लक्ष गेलं तेव्हा ती सुजून भेंडीगत झाली होती, लग्नातली अंगठी मांसात रुतलेली. दोस्तानं विचारलं आज वार काय, तर मला सांगता येईना. तिथं एक मावशी गवत कापत होत्या, विळा ठेवून आल्या, मला उलटी होताना बघितलं, नुसतं पाणी पडत होतं. म्हणाल्या, "आरं बाबा, पोटात पाणी डुचमळालंय तुज्या आनि आजून काय पितोस?" बाटली काढून घेतली आणि फडक्यातली भाकरी-खर्डा पुढं केला. दोन घास खाल्ले, खर्ड्यातलं खडं मीठ अजून जिभेवर आहे.

दोस्तांनी गाडीवर मधी बसवून खाली आणलं, दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, 126. ते 135 ते 145 मध्ये असावं लागतंय. म्हणजे मी वाळलो नव्हतो, उलट आतून पातळ झालो होतो. डॉक्टरांनी जास्त मिठाचं सलाईन थोडं थोडं लावलं आणि पाणी बंद. त्यांनी समजावलं ते असं, की तासन् तास पळताना शरीर एक हार्मोन सोडतं, ते पाणी धरून ठेवतं, लघवी होतच नाही, आणि पेनकिलरनं मूत्रपिंडाचं काम आणखी अडतं. त्यात आपण वरनं ओततोय म्हटल्यावर रक्तातलं मीठ विरळ होणारच, आणि मेंदू सुजला तर माणूस जातोपण.

नंतर मी शोधून वाचलं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त शेवटच्या रेषेवर तपासलं होतं, त्यात 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. पळताना वजन वाढलेले आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लावणारे त्यात जास्त. म्हणजे आमच्यासारखे मागनं येणारे, प्रत्येक स्टॉलवर थांबून ग्लास रिकामा करणारे. पुढं पळणाऱ्याला प्यायला वेळच कुठं असतो.

आणि आता कोणतरी म्हणेल ओआरएस प्यायचं की मग. मीपण तेच म्हटलं होतं. तर एक लिटर ओआरएसमध्ये मीठ 2.6 ग्रॅम असतंय, त्यातलं सोडियम रक्ताच्या साधारण निम्मं भरतं, बाजारातल्या रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये तर त्याहून कमी. म्हणजे तेसुद्धा ढोसलं तर तोच प्रकार. तांबडा रस्सा वाट्यानं भुरकणाऱ्या गावातल्या माणसाला मीठ कमी पडलं, हे दोस्त अजून चारचौघात सांगून हसतात.

उन्हाचा धोका खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. फौंड्रीत भट्टीजवळ उभा राहणाऱ्याला घाम काय असतो ते सांगायला नको, आणि पाणी न पिता पठारावर जाणं हाही खुळेपणाच. पण 'जमेल तेवढं' हे माप नाही. मी आता महिन्यातनं एकदा पळायच्या आधी आणि नंतर उघड्या अंगानं वजन करतो, जेवढं घटलं त्यात मधी प्यायलेलं मिळवतो. ऑक्टोबरच्या उन्हात तासाला माझे 900 ग्रॅम जातात, थंडीतल्या पहाटे 500. तेवढं सगळं भरून काढायचंच नाही, तहान लागली की प्यायचं, सोबत खारे शेंगदाणे. घड्याळातला तो गजर काढून टाकलाय.

तेव्हा एवढीच विनंती, पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात हे छापा. थंडी सुरू झाली की गावोगावी मॅरेथॉन लागतील, पहिल्यांदा पळणारी पोरं-पोरी, आया-बाया तुमचंच कात्रण कापून ठेवतात. आयोजकांनीही स्टॉलवर पाण्याबरोबर काहीतरी खारट ठेवावं, आणि उलटी करणाऱ्या माणसाच्या तोंडाला लगेच बाटली लावू नये.

गेल्या वर्षीची शर्यत चुकली, ह्या डिसेंबरात परत नाव घातलंय. अंगठी त्या दिवशी कापावी लागली. सोनारानं जोडून दिलीय, पण ती बायकोनं कपाटात ठेवलीय, तोरणा उतरून आल्याशिवाय देणार नाही म्हणतीय.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर