डब्लिनच्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आयरिश घरात सून म्हणून आलेल्या माझ्यासारख्या आणखी कुणाला पूर्वजांचं आयर्लंडमधलं गाव शोधायची तुमची युक्ती उपयोगी पडेल.

माझ्या सासूबाईंचे पणजोबा आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात लहानपणीच लिव्हरपूलला आले. इथल्या १८५१ च्या जनगणनेत त्यांचं जन्मस्थान नुसतं ‘आयर्लंड’. तिकडून आलेल्यांना देशापलीकडे काही विचारतच नसत. त्यांची धाकटी बहीण तिकडे आयर्लंडमध्ये, मेयो काउंटीतच (म्हणजे जिल्ह्यातच) राहिली होती. ती १९११ च्या आयरिश जनगणनेत सापडली, पण तिथेही जन्मस्थान म्हणून फक्त काउंटी. त्याआधीचं बघावं, तर १८२१ ते १८५१ च्या जवळपास सगळ्या नोंदी ३० जून १९२२ ला डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दफ्तरखान्याच्या आगीत गेल्या आणि १८६१ ते १८९१ च्या सरकारनेच नष्ट केल्या. मी आशा सोडली होती.

तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, “अगं, त्या आजीने पेन्शन मागितलं असेल की!”

१९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागलं. पण आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये, मग वयाचा पुरावा आणायचा कुठून? १८४१ आणि १८५१ चे कागद तेव्हा शाबूत होते. अर्ज आला की कारकून त्यांत ते कुटुंब शोधायचा. मूळ कागद जळाले, पण हे शोध-अर्ज आयर्लंडच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारात, राहिले.

मी माहेरच्या नावाने शोधत बसले असते. अर्ज सासरच्या नावाने असणार, माहेर आईवडिलांच्या रकान्यात बघ, हे तुम्ही सांगितलंत, आणि तिथेच ती सापडली. बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून पडलेला विभाग) आणि टाउनलँड, म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढी जागा. खाली कारकुनाच्या तिरक्या अक्षरात १८४१ चं घर: आई, बाप, चार वर्षांचा मुलगा, एक वर्षाची मुलगी. तो चार वर्षांचा मुलगा म्हणजे आमचे पणजोबा!

सासूबाईंनी ते पान किती वेळा वाचलं! तुमचं ना आमच्याशी नातं, ना ओळख, तरी तुम्ही आपल्याच घरचं काम असल्यासारखे संध्याकाळी बसून शोधत राहिलात. हे ऋण मोठं आहे, काका.

सासूबाईंचा तुम्हाला नमस्कार. आता त्यांना ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या जमीन-घरांच्या कर-नोंदीत, त्याच टाउनलँडमध्ये ते घर कुणाच्या जमिनीवर होतं ते बघायचंय. तेव्हा रविवारी पुन्हा फोन करते.

तुमची,
लिव्हरपूलची पुतणी