शेजारचं जनुक

प्रिय सानिका,

अनेक आशीर्वाद.

पहिलाच प्रकल्प जनुक-नियमनाचा, म्हणजे कोणतं जनुक कुठे नि कधी चालू-बंद होतं याचा, मिळाला हे ऐकून फार आनंद झाला. माझी नोकरी याच कामात गेली, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते. आजाराशी जोडलेला बदल जीनोममध्ये सापडला की लगेच शेजारच्या जनुकावर बोट ठेवू नकोस.

एफटीओचं प्रकरण मुळातून वाच. 2007 साली लठ्ठपणाशी जोडलेले बदल या जनुकाच्या आत सापडले आणि सगळे एफटीओच्याच मागे लागले. पण ते बदल होते इंट्रॉनमध्ये, जनुकातल्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात, म्हणजे प्रथिनाला त्यांनी हातही लावला नव्हता. 2014 मध्ये दिसलं, की डीएनएचा तो पट्टा वळसा घेऊन सुमारे पाच लाख अक्षरं पलीकडच्या आयआरएक्स-3 या दुसऱ्याच जनुकाला भिडतो. पुढच्याच वर्षी चरबीच्या पूर्वपेशींत क्रिस्पर या डीएनए कापण्या-बदलण्याच्या तंत्राने एक अक्षर बदलून पाहिलं, आणि आयआरएक्स-3 व आयआरएक्स-5 या दोघांचं काम त्याबरोबर बदललं. एका अक्षराचा पत्ता लागायला एवढी वर्षं लागली! मला यात निराशा नाही, उलट उमेदच वाटते.

पेशीचा प्रकारही विसरू नकोस. यकृतातली माहिती घेऊन मेंदूबद्दल बोलणारे निष्कर्ष मी खूप पाहिले आहेत. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर दाबून ठेवणारं बीसीएल-11ए हे जनुक शरीरात इतरत्रही लागतं, पण त्याचा एक एन्हान्सर, म्हणजे जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा, तांबड्या पेशी घडतानाच कामाला येतो. तेवढाच कापला की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. त्यावर उभी राहिलेली सिकलसेल या रक्ताच्या आजारावरची उपचारपद्धती 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली. नियमनाचा अभ्यास रुग्णापर्यंत पोचतो तो असा.

डीएनएवरून अंदाज बांधणारं संगणकी मॉडेल शिकवताना काही गुणसूत्रं चाचणीसाठी पूर्ण बाजूला ठेव. डीएनएचे तुकडे नुसते सरमिसळ करून वाटलेस, तर लगतचे तुकडे शिकवणीत आणि चाचणीत दोन्हीकडे जातात आणि अचूकता खोटीच फुगते. आकडा फारच चांगला आला तर आधी हेच तपास. आणि मॉडेलने एखादा एन्हान्सर दाखवला, तर प्रयोगशाळेतल्या कुणाला तरी तो बंद करून पाहायला सांग. त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून बोलत जा, निकाल हातात आल्यावर नको.

पहिले आलेख आले की पाठव, अर्धवट असले तरी चालतील. मला बघायचे आहेत.

तुझी,
आई