आई-बाबांना पत्र: मी शाळेत नक्की काय करते

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, तिकडे रेंज गेली आणि मग इकडे माझी शाळेची गडबड सुरू झाली, म्हणून म्हटलं सगळं नीट टाइप करूनच पाठवावं. बाबा, अक्षर मोठं करून वाचा, नाहीतर दादा वाचून दाखवेल. दोन गोष्टी राहिल्यात. एक म्हणजे आत्याने विचारलं की ताई तिकडे शिक्षिका आहे तर तिला स्वतःचा वर्ग कसा नाही, आणि तुम्हाला काय सांगावं कळेना. दुसरी म्हणजे तुम्ही छोटूला गणितात मठ्ठ म्हणालात. ही दुसरी मला जास्त लागली, पण माझं काम काय ते कळल्याशिवाय का लागली ते कळणार नाही, म्हणून आधी कामाचंच सांगते.

माझ्या पोस्टला इथे मॅथ इंटरव्हेन्शनिस्ट म्हणतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसजवळची आमची सरकारी प्राथमिक शाळा, बहुतेक मुलं मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांतली, घरी स्पॅनिश बोलणारी. वर्षात तीनदा, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, सगळ्या मुलांची छोटी चाचणी होते, तिला स्क्रीनिंग म्हणतात. आशाताई घरोघरी जाऊन ताप बघतात ना तसंच ते, त्यात पास-नापास काही नसतं, कोणाकडे लवकर बघायला हवं एवढंच कळतं. वर्गात बाई सगळ्यांना शिकवतात ती पहिली पायरी, तिथे जे मागे पडतात त्यांना तिघा-चौघांच्या गटात रोज अर्धा तास वेगळं शिकवायचं ती दुसरी, आणि त्यानेही भागलं नाही तर तिसरी, त्यात गट आणखी छोटा आणि वेळ जास्त. दुसरी-तिसरी पायरी माझ्याकडे. म्हणून मला वर्ग नाही, एक अर्धगोल टेबल आहे, छोटे व्हाइटबोर्ड आहेत, दशकाच्या पट्ट्या आणि सुटे ठोकळे आहेत, आणि दिवसभर गट येतात आणि जातात. उरलेल्या वेळात शिक्षकांबरोबर बसून पुढच्या आठवड्याचे धडे ठरवायचे, कोणता भाग आधी घ्यायचा, कुठे मुलं अडकतील, हेही माझ्याचकडे.

बाबा, तुम्ही विचारलंत की तीन पोरांसाठी वेगळी बाई ठेवणं परवडतं का. इथे तिसरीच्या वर्गापासून राज्याची परीक्षा असते आणि त्यात मूल कमी पडलं तर त्याला जादा शिकवायचंच असा टेक्सासचा कायदा आहे. २०२१ च्या कायद्यात दर विषयाला ३० तास आणि एका गटात तीनच मुलं असं होतं, २०२३ ला तो बदलला, आता मुलाच्या मार्कांप्रमाणे १५ किंवा ३० तास आणि गटात चार मुलंपर्यंत चालतात. मला स्वतःला तीनचाच गट आवडतो. चौथं मूल आलं की एक जण गप्प बसून निभावून नेतो, आणि जो गप्प बसतो त्यालाच सगळ्यात जास्त गरज असते.

आता खरं काम. मुलाचं उत्तर चुकलं की ते का चुकलं हे शोधायचं, मी दिवसभर हेच करते. परवा तिसरीतल्या एका मुलीने ५२ वजा ३८ बरोबर २६ लिहिलं. कोणीही म्हणेल हिला वजाबाकी येत नाही. मी तिला म्हटलं मला करून दाखव, तर ती म्हणाली पाचातून तीन गेले दोन, आणि आठातून दोन गेले सहा. म्हणजे तिने नियम बनवलाय, मोठ्यातून लहान वजा करायचं, वर कोण खाली कोण ते बघायचंच नाही. आणि हा नियम तिने हवेतून आणलेला नाही, पहिलीत बाईंनीच सांगितलेलं असतं की लहानातून मोठं जात नाही! तिचं डोकं चालतंय आई, फक्त ५२ मधला पाच म्हणजे पन्नास हे तिला कोणी हातात देऊन दाखवलेलं नाही. मग आम्ही पाच दशकपट्ट्या आणि दोन सुटे ठोकळे मांडले, आठ सुटे द्यायचे तर आहेत दोनच, मग तिनेच एक पट्टी उचलून दहा सुट्यांच्या बदल्यात माझ्याकडे दिली. हातचा घे असं मी एकदाही म्हटलं नाही.

असंच एक बरोबरच्या चिन्हाचं. ८ + ४ = __ + ५ यात मोकळ्या जागी काय येईल असं विचारलं तर इथली पाचवी-सहावीची मुलंसुद्धा १२ लिहितात, काही सगळं मिळवून १७ लिहितात. सात लिहिणारा विरळा. त्यांना वाटतं ते चिन्ह म्हणजे आता उत्तर लिहा असा हुकूम, दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे डोक्यातच नसतं, आणि तसंच पुढे बीजगणितात गेलं की मूल कोसळतं आणि सगळे म्हणतात आठवीत बिघडलं. आठवीत नाही बिघडत, ते पहिली-दुसरीपासूनच तसं असतं. आणि ते शब्दांच्या गणितातले इशारे, जास्त शब्द दिसला की बेरीज कर, उरले दिसलं की वजाबाकी कर, ह्याचा तर मला संताप येतो. तिच्याकडे १५ स्टिकर आहेत, भावापेक्षा ६ जास्त, तर भावाकडे किती? इशारा पाठ केलेलं मूल २१ सांगून मोकळं होतं, प्रश्न वाचतच नाही. आमच्या शाळेत भिंतीवर त्या इशाऱ्यांचा तक्ता होता, तो काढायला मला बरंच भांडावं लागलं.

आता छोटू. बाबा, तुम्ही म्हणालात त्याला वजाबाकी येत नाही, हातचा विसरतो, मग तुम्ही ओरडता, मग तो रडतो. तुम्ही एसटीत इतकी वर्षं कंडक्टर होतात, ३८ रुपयांचं तिकीट आणि समोरच्याने पन्नासची नोट दिली तर तुम्ही कधी कागदावर हातचा घेतलात का? मला आठवतंय ना, मी सुट्टीत तुमच्या गाडीला यायचे तेव्हा तुम्ही दोन रुपये हातावर ठेवून म्हणायचात चाळीस, मग दहाची नोट ठेवून म्हणायचात पन्नास. हिशोब झाला. तीच तर वजाबाकी आहे, आणि इथे आम्ही अगदी तेच शिकवतो, फक्त एक आडवी रेघ काढून. ३८ वर उभं राहायचं, दोनची उडी ४०, दहाची उडी ५०, दोनची उडी ५२, उड्या मोजल्या तर १४. इथल्या सरकारच्या शिक्षण संशोधन संस्थेने २०२१ ला शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली, त्यात मागे पडलेल्या मुलांना संख्यारेषा वापरून शिकवा असं स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला ते कोणी न सांगता येत होतं. तेवढं छोटूला द्या. खरी नाणी-नोटा घेऊन बसा, तो गिऱ्हाईक, तुम्ही कंडक्टर, मग उलट. आणि चुकला की आधी "कसं केलंस ते सांग" म्हणा, आणि तो सांगेपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणं अवघड आहे, पण त्यात जेवढं कळतं तेवढं दहा गणितं तपासून कळत नाही.

पाढे बंद करा असं मी म्हणत नाहीये हां. पाढे हवेतच, त्याच मार्गदर्शिकेत वेळ लावून सराव करा असंही लिहिलंय. पण घड्याळ लावायचं ते ज्याचा अर्थ कळलाय त्यावर. चारचा पाढा पक्का झाला की त्याला दाखवा की आठचा त्याच्या दुप्पट आहे, सात चोक अठ्ठावीस तर सात आठे छप्पन्न, मग विसरला तरी स्वतः बनवेल. रोज पाच मिनिटं, येणारे सात-आठ आणि न येणारे एक-दोनच. रडायला लागला की त्या दिवशी बंद.

आणि तो एकटा मागे नाहीये. मुलांना वाचन-गणित किती येतं ते बघणाऱ्या २०२४ च्या असरच्या पाहणीत देशातल्या खेड्यांत तिसरीतल्या तिघांपैकी साधारण एकालाच हातच्याची वजाबाकी जमली. मुंबईच्या प्रथम संस्थेने इतक्या वर्षांपूर्वी जे सुरू केलं, मुलांना इयत्तेने न बसवता जिथे आहेत तिथून शिकवायचं, त्याच विचारावर माझं इथलं टेबल चाललंय. मी हे इथल्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

इथेही काही सोनं पिकत नाही. करोनानंतर २०२२ ला देशभरच्या परीक्षेत चौथीचे सरासरी गुण ५ ने आणि आठवीचे ८ ने उतरले, १९९० पासून गणितात एवढी घसरण कधी नव्हती. तेव्हा केंद्राने शाळांना १२२ अब्ज डॉलर दिले होते, त्यातून माझ्यासारख्या खूप जणी नोकरीला लागल्या, आणि तो पैसा खर्चाला लावायची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. आई, तू विचारतेस नोकरी पक्की आहे का, तर खरं सांगते, सध्या माझा पगार गरीब मुलांच्या शाळांना मिळणाऱ्या टायटल वन निधीतून होतो आणि दरवर्षी वसंतात कळतं की पुढच्या वर्षी पोस्ट आहे की नाही. हा निधी १९६५ ला जॉन्सन अध्यक्षांनी सुरू केला, ते स्वतः तरुणपणी इथल्याच टेक्सासमध्ये कोटुला गावात मेक्सिकन पोरांना शिकवायचे. पोस्ट गेली तर मी वर्ग घेईन, तसं प्रिन्सिपलना सांगितलंय, पण शाळा सोडणार नाही. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाबरोबर मिळणाऱ्या व्हिसावर, घरी बसून होते, २०१५ ला आम्हाला कामाची परवानगी मिळाली तेव्हा सगळे म्हणाले कोडिंगचा कोर्स कर, पैसे बरे मिळतील. मिळाले असते. मी शिक्षकाचं सर्टिफिकेट केलं आणि मला त्याचं एक दिवससुद्धा वाईट वाटलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका मुलाचे वडील आले होते, घरं रंगवायचं काम करतात, इंग्रजी जेमतेम. ते संकोचून म्हणाले मी शिकवतो ते चुकीचं आहे असं मुलगा म्हणतो. त्यांनी भागाकार करून दाखवला, मेक्सिकोत मधली वजाबाकी मनात करतात आणि फक्त बाकी लिहितात, इथे सगळं खाली मांडतात, एवढाच फरक. मी मुलासमोर त्यांना तीन गणितं करायला लावली आणि म्हटलं बघ, बाबांचं बरोबर आहे आणि तुझ्यापेक्षा कमी जागेत आहे. मुलगा दुसऱ्या दिवशी टेबलावर येऊन दोन्ही पद्धतींनी करून दाखवत होता. आत्याला हे सांगा, मग तिला कळेल मी काय करते.

बाबा, बीपीची गोळी रात्रीची चुकवू नका, दादाने सांगितलंय मला. आई, तुझ्याकडून एक काम आहे. चौकोनी ठिपक्यांची सोपी रांगोळी, सहा ते सहा आणि सात ते सात अशा दोन, वहीत काढून फोटो पाठव, फक्त ठिपके, रेघा नकोत. सोमवारपासून गुणाकार सुरू होतोय आणि ओळी-रांगा दाखवायला मला तुझेच ठिपके हवेत. रविवारच्या आत पाठव.

तुमची,
ताई