मेसच्या काकूंना, अलंकारांबद्दल

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

मुख्य परीक्षेतला मराठीचा पेपर झाला. अलंकारांचे प्रश्न सोडवताना डोळ्यांसमोर सारखी पोळी येत होती. समोर येऊन आभार मानले असते, तर तुम्ही ‘बरं बरं, ताट घे आधी’ म्हणून उडवून लावलं असतं. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

सदाशिव पेठेत क्लासना तोटा नाही आणि अप्पा बळवंत चौकात व्याकरणाची पुस्तकं ढिगानं मिळतात. पण अलंकारांच्या उदाहरणांत जिथं बघावं तिथं तेच मुख आणि तोच चंद्र. रात्री पाठ केलेलं सकाळी सरमिसळ. तुम्ही चंद्र तेवढा ठेवलात आणि मुखाच्या जागी पोळी आणलीत. चंद्रासारखी म्हटलं की उपमा, जणू चंद्रच म्हटलं की उत्प्रेक्षा. दोन्ही एकच, वेगळं काढायची सोयच नाही, ते रूपक. ‘ही पोळी नव्हेच, हा चंद्र’ म्हणून उपमेय, म्हणजे जिची तुलना चाललीय ती पोळीच, साफ नाकारलं की अपन्हुती. चंद्राहून गोल म्हणजे व्यतिरेक. एखादा चकोर खरंच फसून खिडकीत येऊन बसला, तर भ्रांतिमान. आणि ‘या पोळीसारखी हीच’ हा अनन्वय; तो सांगताना तुमचा तोरा काय वर्णावा!

साधारण धर्म, म्हणजे दोघांतला सारखा गुण, गोलपणाच ना, असं मी विचारलं, तर तुम्ही तव्यावरची पोळी उलटलीत. ‘डाग बघ की. दोघांनाही आहेत.’ हे कुठल्या गाइडात सापडलं असतं?

वृत्तांशी माझं अजून फारसं जमत नाही. मात्र यगण म्हणजे एक लघु, दोन गुरू, हे तुम्ही लाटण्यानं पोळपाटावर वाजवून दाखवलंत. असे चार यगण, बारा अक्षरं, की भुजंगप्रयात. मनाचे श्लोक लहानपणापासून म्हणतेय, तरी त्यांचं वृत्त हेच, हे तेव्हा कानाला कळलं.

सगळ्यात उपयोग झाला तो शब्दशक्तींचा. ‘ही दोन ताटं जेवली’ यात ताट कुणी खात नाही, खातात ते त्यातलं जेवण; ही लक्षणा. आणि रात्री तुम्ही ‘दहा वाजले हं’ म्हणता, ती व्यंजना. घड्याळातले दहा हा नुसता वाच्यार्थ. गप्पा मारणाऱ्यांना कळतं, उठा आता. उशिरा आलेलीला कळतं, आमटी संपली. काका मुकाट्यानं शटरकडे निघतात. एका वाक्यात तिघांची सोय.

नव्या मुलींना अर्थान्तरन्यास आणि दृष्टान्त या अलंकारांतला फरक कळत नाहीये. त्यांना तुमच्याकडे पाठवते आहे. डबा नेणाऱ्यांना शिकवणी मिळत नाही, बसून जेवावं लागतं, हेही सांगून ठेवलंय.

तुमची,
परभणीवाली