ठसा पुसू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बेसबॉलचे जुने ग्लोव्ह जमवतो. गेल्या महिन्यात मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात मला एक ग्लोव्ह मिळाला. त्याची बोटे जाड आणि एकमेकांपासून सुटी असून मनगटाच्या पट्ट्याला बटण आहे. अशी सुटी बोटे बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बनावटीत आढळतात, म्हणून मोठ्या आशेने मी तळव्यावरचा ठसा शोधू लागलो. परंतु चांगला भाव यावा म्हणून विक्रेत्याने त्यावर बुटाचे पॉलिश चोपडले होते आणि कारखान्याच्या नावाची जेमतेम दोन अक्षरे लागत होती. मनाला फार लागले.

या वस्तूंवर सहसा वर्ष छापलेले नसते. नाव, मॉडेल क्रमांक आणि कापडी लेबल यांवरूनच काळ ठरवावा लागतो आणि त्यातूनच कारखान्यांचा इतिहास उलगडतो. सेंट लुई येथे १८८७ मध्ये सुरू झालेल्या रॉलिंग्ज कंपनीने बिल डोक या पिचरच्या (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) कल्पनेवरून १९२० च्या सुमारास अंगठा व तर्जनी यांमध्ये चामड्याच्या पट्ट्यांची जाळी असलेला ग्लोव्ह काढला. त्यापूर्वी ग्लोव्ह मुख्यतः हाताला मार लागू नये म्हणून घालत. या जाळीने तो चेंडू पकडण्याचे साधन झाला. विल्सन कंपनीचा उगम तर शिकागोच्या मांस उद्योगातला. कत्तलीनंतर उरणाऱ्या आतड्यांपासून टेनिस रॅकेटसाठी आणि व्हायोलिनसाठी तात बनवणाऱ्या या कंपनीने १९५७ मध्ये ए-२००० हा गाजलेला ग्लोव्ह आणला.

दिनकर केळकर यांनी अडकित्ते आणि दिवे जमवून ज्या शहराला संग्रहालय दिले, तेथे खेळाचे साहित्य मुकाट्याने भंगारात जावे हे मला पटत नाही. महाविद्यालयांच्या जिमखान्यांनी डेडस्टॉक रजिस्टरमधून (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतून) असे साहित्य निर्लेखित करण्यापूर्वी, म्हणजे बाद ठरवून कमी करण्यापूर्वी, निदान ठशाचे व लेबलाचे छायाचित्र काढावे आणि खरेदीची नोंद असलेले पान जपून ठेवावे. घरी जुना ग्लोव्ह असल्यास त्याला तेल लावू नये. तेल फार मुरले की चामडे काळवंडते आणि उथळ ठसा दिसेनासा होतो. पावसाळ्यात बुरशी आलीच, तर कोरड्या मऊ फडक्याने पुसून ग्लोव्ह सावलीत वाऱ्यावर ठेवावा.

जुन्या बाजारातील विक्रेत्यांनाही विनंती आहे, की त्यांनी ग्लोव्ह आला तसाच विकायला ठेवावा. अक्षरे शाबूत असलेल्या मळक्या ग्लोव्हला मी चकचकीत ग्लोव्हपेक्षा अधिक पैसे आनंदाने देईन.

आपला,
एक संग्राहक, सदाशिव पेठ, पुणे