टिकालच्या पहारेकरी दादांना

दादा,

नमस्कार. तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं स्पॅनिश 'ग्रासियास'च्या पुढे जात नाही. हे पत्र कुणाकडून तरी स्पॅनिशमध्ये करून घेऊन तिकडे पाठवीनच, पण आधी माझ्या भाषेत लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. घरी येऊन बारा दिवस झाले, तरी ती संध्याकाळ आठवली की घसा दाटून येतो.

आम्ही दोघी मायलेकी. आई एकाहत्तर वर्षांची, साताऱ्याची, गुडघे दुखरे. ग्वाटेमालाच्या जंगलातलं माया लोकांचं प्राचीन शहर टिकाल पाहायचं हा तिचाच हट्ट. सकाळी तिने सेइबाच्या प्रचंड बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली पांढरी सावर! हिच्याच कापसाच्या उशा असायच्या आपल्याकडे." माया लोकांना हे झाड किती पवित्र, ते सांगितल्यावर तिने हात जोडले.

ज्याला पैसे मोजले होते त्या सहलवाल्याच्या माणसाला मात्र ती दिवसभर ओझंच वाटली. म्हाताऱ्यांना कशाला आणता, असं त्याने तोंडावर विचारलं. चौथ्या मंदिरापाशी आई खाली बाकावर बसली, मी लाकडी जिन्याने वर गेले. पासष्ट मीटर उंची, चहूकडे रान आणि त्यातून डोकं काढलेले मंदिरांचे कळस. खाली आले तर सगळे निघून गेलेले. बाकावर आई एकटी. एका वयस्कर बाईला जंगलात एकटं सोडून जाताना त्या माणसाने मागे वळूनही पाहिलं नाही, हा राग माझ्या मनातून जात नाही.

दिवेलागणीला ती गर्जना सुरू झाली. पहिल्या मंदिरापाशी आम्ही त्या लाकडी तुळईवर कोरलेल्या जॅग्वारची, म्हणजे बिबट्यासारख्या दिसणाऱ्या तिकडच्या मोठ्या शिकारी प्राण्याची, गोष्ट ऐकली होती. इसवी सन ६८२ मध्ये गादीवर बसलेल्या हासाव चान कविल राजाचं ते मंदिर, खाली त्याची समाधी. या रानात जॅग्वार आजही आहेत, हेही ऐकलं होतं. आईने माझा दंड घट्ट धरला. तिचे हात गार पडले होते.

तेवढ्यात तुम्ही आलात. आईचा चेहरा पाहिलात, वर झाडाकडे बोट दाखवलंत, "मोनो, मोनो" म्हणालात आणि दोन्ही हातांनी केवढासा प्राणी ते दाखवलंत. माकड! दहा-अकरा किलोच्या नराच्या गळ्यात एक पोकळ हाड असतं, त्यातून तो आवाज असा घुमतो, हे मी नंतर वाचलं. आई मात्र तुमच्या हातांकडे पाहूनच हसली.

आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठीच हे पत्र. टॉर्च तुम्ही स्वतःसाठी वापरली नाहीत. ती आईच्या पावलांवर धरलीत आणि तिच्याकडे तोंड करून, अंधारात उलटे चालत राहिलात. मुळं आली की थांबायचं, ओल्या चुनखडीवर ती सावरेपर्यंत थांबायचं. एकदाही "लवकर" म्हटलं नाहीत. एका ठिकाणी हात आडवा धरलात. पाहिलं तर पानांचे हिरवे तुकडे डोक्यावर धरून मुंग्या वाट ओलांडत होत्या. त्यांना ओलांडून जाण्याइतकी जागा तुम्ही उजेडाने दाखवलीत. रोज अंगणात मुंग्यांना पीठ घालणारी माझी आई तिथे रडली, दादा. "याच्या आईने याला चांगलं वाढवलंय," एवढंच म्हणाली.

माणसाचा चांगुलपणा मी खूप ठिकाणी पाहिला आहे, पण तो बहुतेकदा बोलून दाखवलेला. भाषा नाही, ओळख नाही, पुन्हा भेट व्हायची नाही, अशा म्हातारीसाठी उलटं चालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

दाराशी मी पैसे पुढे केले, तुम्ही छातीवर हात ठेवून मान हलवलीत. आईने पर्समधली राजगिऱ्याची चिक्की दिली, ती मात्र घेतलीत आणि तिथेच तिचे तीन तुकडे करून पहिला तिला दिलात.

आईने एक विचारायला सांगितलं आहे. त्या वाटेवर मुंग्यांची रांग अजून असते का?

तुमची,
त्या मराठी आजींची मुलगी